नोंद कुणाची, नाव कुणाचं?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



‘व्हिडिओंची यादी करण्याचं सॉफ्टवेअर’ हा विषय फळ्यावर वाचून काहीजणी हसल्या. हिंसा, जमीन, दारू, रेशन यांवर बोलायचं सोडून हे काय, असं वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं असं, की हा त्याच विषयांचा भाग आहे.

आपल्या एका ज्येष्ठ ताईंनी जवळपास तीस वर्षं, जिथं जातील तिथं चित्रण केलं किंवा करवून घेतलं. आधी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलाला सोबत नेऊन, मग स्वतःच्या हँडीकॅमवर, अलीकडे मोबाइलवर. त्यांच्या घरच्या लोखंडी कपाटात व्हीएचएस कॅसेटी आहेत, मिनी-डीव्हीच्या लहान कॅसेटी आहेत, सीड्या आहेत, हार्ड डिस्क आहेत आणि बांगड्यांच्या डब्यात मेमरी कार्डं आहेत. त्यात आडव्या बाटलीसाठी गावोगाव झालेली मतदानं आहेत. ज्या घरात शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या घरातल्या बाया बोलल्या आहेत. कोलाम पोडावरच्या आणि तांड्यावरच्या बैठका आहेत. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुरांच्या घरच्या बाया आहेत. हे सगळं ताईंनी संघटनेकडे सोपवायचं ठरवलं. मी ग्रंथालयात काम करणारी, म्हणून यादीचं काम माझ्याकडे आलं.

यादी कशाला, हा प्रश्न मला फार दिवस पडला नाही. एक बाई आमच्याकडे आली. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झालेली. सासरा जिवंत असताना गावच्या बैठकीत सर्वांसमोर म्हणाला होता, की सुनेला दोन एकर देतो. सासरा वारला, आणि दीर म्हणू लागला की असं कधी बोलणंच झालं नाही. बाईला पक्कं आठवत होतं, की त्या दिवशी ताई होत्या आणि कॅमेराही होता. आम्ही तिघीजणी आठ दिवस शोधत होतो. शेवटी ते बोलणं सापडलं ते ‘दारूबंदी मोर्चा’ असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये, मोर्चा संपल्यावर, एक्केचाळिसाव्या मिनिटाला. ते दाखवल्यावर दीर निदान ‘बोलणंच झालं नाही’ म्हणायचा थांबला. जमिनीचं प्रकरण अजून चालू आहे.

म्हणजे पुरावा नऊ वर्षं आपल्या कपाटात होता आणि तरी नव्हता. जे सापडत नाही ते नसल्यासारखंच. हे आपल्या बायांना नव्यानं सांगायला नको. सातबारा म्हणजे तरी काय, एक यादीच. आयुष्यभर ज्या शेतात निंदण-खुरपण केलं, त्याच्या सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाई शेतकरी ठरत नाही. आत्महत्येनंतरच्या १ लाखाच्या मदतीसाठी २००६ साली शासनानं निकष लावले: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा. त्यावरून घरं ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशा दोन रकान्यांत वाटली गेली. शेत सासऱ्याच्या नावावर, कर्ज खाजगी सावकाराचं, अशा कितीतरी घरांवर ‘अपात्र’चा शिक्का बसला. रकाना कुणी आखला यावर माणसाचं काय होणार हे ठरतं. म्हणून आपली यादी आपणच आखायची, सॉफ्टवेअर त्यानंतर.

तरी आधी सॉफ्टवेअरबद्दल सांगून टाकते, कारण पहिली धाव सगळ्यांची तिकडेच जाते. व्हिडिओंचा संग्रह लावणारी जी लोकप्रिय सॉफ्टवेअरं आहेत, कोडी, जेलीफिन वगैरे, ती मुख्यतः सिनेमे आणि मालिका जमवणाऱ्यांसाठी बनली आहेत. तुम्ही फाईल दाखवली की ती इंटरनेटवरून सिनेमाचं नाव, पोस्टर, नटनट्या, दिग्दर्शक, वर्ष असं सगळं आपोआप आणून भरतात. हौशी माणसाला याचा फार आनंद होतो. पण झरी-जामणीच्या पोडावर बोललेल्या बाईची माहिती जगातल्या कुठल्याच सर्व्हरवर नाही. ती आपोआप कुठून येणार? ती भरायची तर तिथं हजर असलेल्या बायांनीच भरायची. आपलं काम या हौशी संग्रहांपेक्षा वेगळं आहे ते इथं.

मग आम्ही काय वापरलं? पहिलं साधन कागदाचं. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी त्याची दाखल नोंद होते, त्याला एक क्रमांक मिळतो, तो पुन्हा दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला देत नाहीत. तशी एक जाड वही केली. प्रत्येक कॅसेट, सीडी, कार्ड यांना क्रमांक दिला. विषय, गाव काहीही न बघता, हातात येईल त्या क्रमानं. हे काम दोघी मुलींनी तीन रविवारांत केलं. वीज गेली तरी अडलं नाही.

दुसरं, लिब्रेऑफिसमधला कॅल्क हा तक्ता. फुकट मिळतो, देवनागरीत चालतो, आणि उद्या दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर तक्ता तसाच उचलून नेता येतो. हा मुद्दा महत्त्वाचा. ज्या सॉफ्टवेअरमधून नोंदी बाहेर काढता येत नाहीत त्यात नोंदी भरूच नका, मग ते कितीही देखणं असो. आणि टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटात टाइप केलेली पत्रं आज उघडली की नुसती चिन्हं दिसतात, तसं यादीचं होता कामा नये.

तिसरं, डिजिकॅम. हे मुळात फोटोंसाठी आहे, पण व्हिडिओही घेतं आणि तेही फुकट आहे. यात एकाच फाईलला अनेक खुणा लावता येतात. फोल्डरमध्ये ठेवलं तर बैठक ‘जमीन’मध्ये ठेवायची की ‘दारू’मध्ये, हा वाद होतो. बाईच्या आयुष्यात तर दोन्ही एकाच घरात असतात. आमच्या शास्त्रात रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं तेव्हा हीच अडचण त्यांच्यासमोर होती. एका विषयाला अनेक अंगं असतात, त्यात क्रिया, स्थळ, काळ ही वेगळी नोंदावी, असं त्यांनी सांगितलं. खुणा लावणं म्हणजे तेच. ‘जमीन’, ‘दारू’, ‘सासर’, ‘मारेगाव’, ‘२०१२’ या सगळ्या खुणा एकाच चित्रणाला लावा, कुठल्याही वाटेनं ते सापडेल. हार्ड डिस्क कपाटात असली तरी तिच्यातल्या नोंदी संगणकावर दिसत राहतात, हीसुद्धा सोय आहे.

याशिवाय दोन लहान अवजारं. मीडियाइन्फो हे फाईल किती मिनिटांची, कोणत्या प्रकारची हे काढून देतं. आणि एकच चित्रण चार ठिकाणी ठेवलेलं असतं, ते ओळखायला च्काव्का. नाव विचित्र आहे, पोलिश भाषेत त्याचा अर्थ उचकी. सारख्या फाईली ते दाखवतं. पण दाखवली म्हणून लगेच पुसू नका. एक मूळ असते, दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप चित्रण दाबून लहान करतं, फाईलच्या नावात जी तारीख दिसते ती चित्रणाची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. मूळ मागवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा कार्डच मागून घ्या.

आता रकान्यांकडे येते.

कॅसेटींवर ज्या चिठ्ठ्या होत्या त्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर मेलेल्या नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘यांची विधवा’. चाळीस मिनिटं बाई बोलली आहे, कर्जाचा हिशेब तोंडपाठ सांगितला आहे, आणि तिचं नाव चिठ्ठीवर नाही. अशाच एका काकूंना आम्ही त्यांचं जुनं चित्रण दाखवायला नेलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन नातीकडून वाचून घेतली आणि विचारलं, ‘‘बोलू राह्यली मी, अन् माहं नाव कुठी हाये याच्यात?’’ तेव्हापासून आमच्या तक्त्यात क्रमांकानंतरचा पहिला रकाना ‘बोलणारीचं नाव’ हा आहे. ती स्वतः सांगेल तसं. माहेरचं लावते तर माहेरचं, नुसतं नाव सांगते तर नुसतं नाव. शासनानंसुद्धा १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरवलं. बायांच्या संघटनेनं मागं राहून कसं चालेल?

आणि याच जिल्ह्यात २०१९ च्या जानेवारीत काय झालं ते आठवा. यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, कळंब तालुक्यातल्या राजूरची बाई त्या व्यासपीठावरून स्वतःच्या नावानं बोलली. आपल्या कपाटात तशाच बोलणाऱ्या कितीतरी आहेत, फक्त त्या बिननावाच्या आहेत.

दुसरा रकाना विषयाचा. इथं शब्द जपून निवडावे लागतात. झरी-जामणी भागात कोलाम मुलींची फसवणूक करून, त्यांच्यावर मूल लादून पळून जाणाऱ्या पुरुषांचा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. त्याला वर्तमानपत्रांनी आणि कार्यालयांनी नाव दिलं ‘कुमारी मातांचा प्रश्न’. या शब्दात मुलगी आहे, तिचं लग्न न झालेलं असणं आहे, तिचं मूल आहे. पुरुष कुठं आहे? आम्ही खूण ठरवली ‘फसवणूक व लैंगिक शोषण’, आणि सोबत ‘पोटगी’, ‘पितृत्व’. जुना शब्दही शोधासाठी बाजूला ठेवला आहे, कारण बाहेरची माणसं तोच शब्द घेऊन शोधत येतात. पण मथळा तो नाही.

तिसरा भाषेचा. सगळं ‘मराठी’ लिहून मोकळं होऊ नका. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी वेगवेगळं लिहा. कोलामीत बोललेलं काय आहे हे त्याच पोडावरची मुलगी सांगू शकेल, आणि तिला त्या कामाचा मोबदला द्यायला हवा.

चौथा गावाचा. तालुक्याचं कागदोपत्री नाव केळापूर आणि आपण म्हणतो पांढरकवडा. कुणी झरी लिहितं, कुणी झरी-जामणी. सगळ्यांनी एकच रूप वापरायचं, आणि त्याची छोटी यादी भिंतीवर लावायची. संगणकाला पांढरकवडा आणि केळापूर एकच हे ठाऊक नसतं.

पाचवा रकाना, कितव्या मिनिटाला काय. हे सर्वांत कंटाळवाणं काम, आणि दोन एकरांचं बोलणं सापडतं ते यामुळेच. मुंबईत मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांनी, कॅम्प आणि इतर गटांसोबत, २००८ मध्ये पॅड-डॉट-एमए हा चित्रणांचा संग्रह उभा केला. तयार माहितीपटांपेक्षा, न वापरलेलं, कापून टाकलेलं चित्रण त्यांनी मोलाचं मानलं, आणि त्यातल्या क्षणाक्षणाला नोंद जोडायची सोय केली. आपल्याला तसं मोठं काम लगेच झेपणार नाही. पण व्हीएलसीमध्ये चित्रण लावून दर पाच मिनिटांना एक ओळ वहीत लिहिणं कुणालाही जमतं.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. सापडावं म्हणून यादी करायची, पण सगळंच सगळ्यांना सापडावं असं नाही. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये तो होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. अल्पवयीन मुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याचं कलम २३ आहे. अशा चित्रणांना यादीत फक्त क्रमांक. नाव वेगळ्या वहीत, वही कुलपात, किल्ली दोघींकडे. त्या हार्ड डिस्कला पासवर्ड. चेहरे आपोआप ओळखणारी सोय डिजिकॅममध्ये आहे, आम्ही ती वापरत नाही.

संमतीचा रकानाही ‘हो-नाही’ असा ठेवू नका. १९९८ मध्ये ‘हो, काढा’ म्हणणाऱ्या बाईनं मोबाइल पाहिलेला नव्हता. तिची हो म्हणजे ताईंना सांगायला हो. आज ते कुठल्याही गावच्या ग्रुपवर जाऊ शकतं. म्हणून कुणाला दाखवायचं, किती दिवस, नाव घ्यायचं की नाही, हे पुन्हा जाऊन विचारायचं. दोघींनी आम्हाला ‘नको’ सांगितलं. आता सून घरात आली आहे, म्हणाल्या. त्यांचं चित्रण बंद करून ठेवलं. हक्क त्यांचा आहे.

कोर्टाचंही ऐकून ठेवा. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या वादात अर्ज किती वाजता दाखल झाले हे दाखवणारं चित्रण पुढे आलं होतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ यंत्र हजर न करता त्यावरची प्रत पुराव्यात द्यायची तर कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाईलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईलमध्ये इवलासा बदल झाला तरी ठसा बदलतो. सेव्हन-झिप या फुकटच्या सॉफ्टवेअरनं तो काढता येतो. फाईल कार्डावरून उतरवली की त्याच दिवशी ठसा काढून तक्त्यात लिहा. कार्ड कुणाकडून, कधी आलं तेही. मूळ फाईल कापायची नाही, त्यावर गाणं घालायचं नाही. हवं ते प्रतीवर करा.

आणि वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आपल्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. ज्यांत बायांचं बोलणं आहे त्या कॅसेटी आधी उतरवून घ्या, मोर्चे आणि सत्कार नंतर. प्रत्येकाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. दर वर्षी डिस्क जोडून पाहायची, त्यासाठी ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा दिवस, ठरवला आहे.

हे काम करणाऱ्या आपण पहिल्या नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव, वस्त्यांमधून फिरल्या, आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून बोलत्या केल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्यांनी विचारलं नसतं तर त्या बाया कुठल्याही यादीत नसत्या. मुंबईत नीरा देसाई, सी. एस. लक्ष्मी आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हे स्त्रियांचं ध्वनी-चित्र संग्रहालय सुरू केलं. तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स ही एक कृष्णवर्णीय बाई, एकेकाळची ग्रंथपाल. १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत घरात दूरदर्शन संच लावून बातम्या चित्रमुद्रित करत राहिली. तिच्या मागं सुमारे ७० हजार टेप उरल्या, आणि त्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. सत्तेवर बसलेले लोक आज एक आणि उद्या एक सांगतात, त्याचा पुरावा राहावा म्हणून एका बाईनं घर भरून टाकलं.

आपल्या ताईंनी कपाट भरलं. पण ताई आज सत्तरीच्या पुढं आहेत. एखादी कॅसेट लावली की त्या अजून सांगतात, ही अमकीची बहीण, त्या मागं उभा आहे तो सावकार, हे चिंचेचं झाड आता नाही. ही माहिती कुठलंच सॉफ्टवेअर काढून देणार नाही. ती त्यांच्या आणि तुमच्या डोक्यात आहे, आणि दिवसेंदिवस कमी होते आहे.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक तालुक्यातून दोघीजणी, एक जुनी आणि एक नवी, महिन्यातून एक दिवस द्या. जुनीनं ओळखायचं, नवीनं लिहायचं. तुमच्या फोनमध्ये जे पडलं आहे तेही घेऊन या, आणि येण्याआधी त्यातल्या बाईला विचारून या. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात पहिला रकाना नावाचा आहे. तुमचं स्वतःचं, तुम्हाला लिहावंसं वाटेल तसं लिहा.

माझं बोलणं संपलं. आता प्रश्न विचारा.